सात फुटांचं घर

‘लंडनमध्ये लोक म्हणे बोटीत राहतात. घरभाडं नाही, वाटेल तिथे जायचं. मग सगळेच तसं का करत नाहीत?’ मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला जाऊन आलेले पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात. कालव्याकाठच्या पायवाटेवर फिरताना त्यांनी त्या लांबच लांब, निमुळत्या, रंगीत बोटी पाहिलेल्या असतात. छपरावर कुंड्या, सरपणाची मोळी, एखादी सायकल आणि धुराड्यातून निघणारा धूर. या बोटींना नॅरोबोट, म्हणजे अरुंद बोट म्हणतात. घर म्हणून ती स्वस्त पडते की महाग, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. बोट विकत घेतली तरी तिच्याखालचं पाणी आणि शेजारचा काठ आपल्या मालकीचा होत नाही. म्हणून आधी ही बोट कुठून आली आणि ती तरंगती कशामुळे राहते, ते पाहू.

१. सात फूटच का?

कालवा म्हटलं की आपल्याला पाटाचं पाणी आठवतं. धरणातून सुटलेलं आवर्तन, नीरेचा डावा कालवा, दोन्ही बाजूंना ऊस. इंग्लंडचे हे कालवे माल वाहून नेण्यासाठी खणलेले आहेत. अठराव्या शतकात तिथले रस्ते पावसात चिखलाचे होत. घोडागाडीतून टनभर माल नेणंही जिकिरीचं काम होतं. तोच घोडा काठावरून चालत दोर ओढू लागला, तर पाण्यावरचा पंचवीस टन माल सहज पुढे सरकत असे.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेणारा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्या कामावर जेम्स ब्रिंडली नावाचा कारागीर होता. पुढे ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणारा कालवा आखायचं काम त्याच्याकडे आलं. जोसाया वेजवुड हा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार त्या कालव्याचा मोठा पुरस्कर्ता होता, कारण खडबडीत रस्त्यावर त्याचा माल फुटत असे.

१७६६ मध्ये काम सुरू झालं, तेव्हा वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी होती. तिच्यातून दीड मैलाहून लांब बोगदा खोदायचा होता, तोही कुदळ, फावडं आणि सुरुंगाच्या दारूने. बोगदा जितका रुंद, तितका खर्च आणि वेळ जास्त. शिवाय उंचावरच्या कालव्याला पाणी पुरवणंही अवघड. म्हणून ब्रिंडलीने लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, ठरवले सुमारे सात फूट रुंद आणि बहात्तर फूट लांब. १७७२ मध्ये तो वारला आणि बोगदा १७७७ मध्ये पुरा झाला. त्याचं माप मात्र टिकलं. मध्य इंग्लंडमधले पुढचे बरेचसे कालवे याच मापाने बांधले गेले.

म्हणून आजही नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते. दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा. आतला अस्तराचा भाग वजा केला तर राहायला सहा फुटांची खोली मिळते, आपल्या रेल्वेच्या डब्यापेक्षाही अरुंद. लांबी बहात्तर फुटांपर्यंत चालते, पण उत्तरेकडच्या काही कालव्यांवरचे लॉक रुंद असूनही आखूड आहेत. म्हणून सगळीकडे जाऊ शकेल अशी बोट हवी असणारे लोक ५७ फुटांची घेतात. अडीचशे वर्षांपूर्वी एका टेकडीपुढे घेतलेला निर्णय आजच्या पलंगाची रुंदी ठरवतो, हे मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

रेल्वे आल्यावर भाडी पडली. नावाड्यांना काठावरचं घर परवडेना, म्हणून त्यांनी बायकामुलांना बोटीवर आणलं. मालाला जागा हवी, त्यामुळे आख्खं कुटुंब मागच्या दहा फुटी खोलीत राहायचं. गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेल्या बादल्या आणि दारं ही त्यांचीच कला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि मालवाहतूक जवळपास संपली. उरलेले कालवे बुजवले गेले नाहीत, याचं बरंचसं श्रेय एल. टी. सी. रोल्ट यांना जातं. १९३९ मध्ये ते ‘क्रेसी’ नावाच्या बोटीतून निघाले. त्या प्रवासावरचं त्यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आलं आणि दोन वर्षांनी कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते.

२. लॉक, म्हणजे पाण्याचा जिना

पाणी उतारावर थांबत नाही आणि कालव्यातलं पाणी तर स्थिर हवं. मग टेकडी चढायची कशी? त्यासाठी कालवा पायऱ्यापायऱ्यांनी बांधतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद असतो. तोच लॉक. खालून आलेली बोट हौदात शिरते, मागचे दरवाजे बंद होतात, वरच्या बाजूच्या झडपा उघडल्या की हौद भरतो आणि बोट पाण्याबरोबर वर येते. झडप उघडायची ती हातातल्या लोखंडी हँडलने. पंप नाही, मोटर नाही.

किती पाणी लागतं? हौद २२ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि पायरी दोन मीटरची धरा. गुणाकार येतो सुमारे ९७ घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक लाख लिटर. आपल्याकडचे दहा हजार लिटरचे दहा टँकर एका बोटीच्या एका पायरीसाठी खाली जातात. म्हणून समोरून बोट येत असेल तर भरलेला लॉक तिच्यासाठी तसाच ठेवायचा, ही तिथली रीत आहे. डेव्हायझेसजवळ केन हिल इथे दोन मैलांत असे २९ लॉक आहेत. तिथे पाण्याची किंमत खांद्यांनाही कळते.

प्रवासाला किती वेळ लागेल, याचा नावाड्यांचा हिशेब सोपा आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला तीनने भागा. सहा मैल आणि नऊ लॉक असतील तर पंधरा भागिले तीन, म्हणजे पाच तास. कालव्यावर वेगाची मर्यादाच ताशी चार मैल आहे.

लॉकमधला एक धोका मात्र नीट समजून घ्या. वरच्या दरवाजाखाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. उतरताना बोटीचं मागचं टोक त्या उंबरठ्यावर राहिलं, तर पाणी खाली जाताना मागचं टोक वर अडकतं, पुढचं खाली जातं आणि काही मिनिटांत बोट बुडते. उंबरठा कुठवर आहे ते दाखवणारी पांढरी रेघ भिंतीवर असते. उतरताना बोट तिच्या पुढेच हवी. काही अडकलंसं वाटलं तर खालच्या झडपा आधी बंद करायच्या.

३. पाण्याखालचा पत्रा

आजच्या बोटी पोलादी असतात. विक्रेता ‘दहा-सहा-चार’ म्हणतो, तेव्हा तळ दहा मिलिमीटर, बाजू सहा आणि वरची खोली चार मिलिमीटर जाडीची आहे, असा अर्थ घ्यायचा. सत्तावन्न फुटी बोटीचं वजन सतरा-अठरा टनांपर्यंत जातं. पोलाद मजबूत खरं, पण त्याला गंज चढतो आणि तोही जिथे आपली नजर पोचत नाही तिथे.

पहिला उपाय म्हणजे डांबर. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढायची, शेवाळ आणि शिंपले जोराच्या फवाऱ्याने धुवायचे, गंज खरवडायचा आणि डांबरी रंगाचे दोन-तीन हात द्यायचे. आपल्या कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून त्यांची डागडुजी करतात, तसंच हे आहे. हल्ली इपॉक्सीचा लेपही देतात. तो अधिक वर्षं टिकतो, पण आधी पोलाद अगदी उघडं घासून घ्यावं लागतं आणि खर्च वाढतो. सगळ्यात जास्त झीज पाण्याच्या रेषेवर होते, कारण तिथे पाणी आणि हवा दोन्ही पोचतात. थंडीत पातळ बर्फ फोडत बोट चालवली तर नेमका त्याच पट्ट्यातला लेप खरवडला जातो.

दुसरा शत्रू अधिक छुपा आहे. शाळेत लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खोचून वीज तयार केल्याचं आठवत असेल. त्यात एक धातू झिजतो. बोटीखालीही तेच घडतं. पोलादाचा तळ, बोट ढकलणारा पितळी पंखा आणि मधलं पाणी म्हणजे एक मोठं लिंबूच. म्हणून बोटीच्या बाजूंना पाण्याखाली मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. मॅग्नेशियम पोलादाच्या आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. समुद्रात यासाठी जस्त वापरतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. काठावरच्या विजेची वायर जोडली की गोष्ट वाढते. अर्थिंगच्या तारेतून आपली बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि शेजाऱ्याच्या बोटीपायी आपला पत्रा झिजू लागतो. हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा लहानसा डबा मिळतो. काठाची वीज वापरणाऱ्याने त्यात काटकसर करू नये.

बोट घेण्याआधी ती पाण्याबाहेर काढून तपासनीसाकडून पत्र्याची जाडी मोजून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. तो ध्वनिलहरींचं उपकरण पत्र्यावर ठेवून जागोजागी जाडी मोजतो. समजा मूळ बाजू सहा मिलिमीटरची आहे आणि सरासरी झीज अर्धा मिलिमीटर. ऐकायला ठीक वाटतं. पण एका जागी दोन मिलिमीटरचा खड्डा असेल तर तिथे चारच उरले, आणि चारच्या खाली गेलं की विमा कंपन्या सहसा नकार देतात. छत्री सरासरीने गळत नाही, भोकाने गळते. अहवालातला सगळ्यात वाईट आकडा आधी वाचावा.

आता पंख्याचा दांडा. इंजिन आत, पंखा बाहेर, म्हणजे दांडा पत्र्यातून आरपार जाणार आणि तिथून पाणी आत येऊ पाहणार. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड ज्याने भरली आहे, त्याला हे सांगायला नको. तीच ग्लँड, दांड्याभोवती ठासलेली तीच ग्रीस लावलेली दोरी, तसंच थेंब थेंब गळणं. दिवसभर बोट चालवली की संध्याकाळी ग्रीसचा पेच थोडा फिरवायचा, म्हणजे गळती थांबते. विसरलात आणि बोट सोडून आठवडाभर गेलात, तर तळात पाणी साचतं. पाणी उपसणारा स्वयंचलित पंप असतो, पण तो बॅटरीवर चालतो आणि बॅटरीही संपते.

पंख्याच्या बरोबर वर एक झाकण असतं. पंख्यात प्लास्टिक, दोर किंवा कुणाची फेकलेली कपड्यांची पिशवी अडकली की इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, झाकण उघडायचं आणि गार पाण्यात हात घालून ती सोडवायची. झाकण परत घट्ट बसवलं नाही, तर इंजिन सुरू होताच पंखा पाणी आत लोटतो. बोटी बुडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

४. आतलं घर

घाम आधी. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं हिवाळ्यात बोटीच्या पत्र्याला आतून सुटतं. स्वयंपाकाची वाफ आणि दोन माणसांचा श्वास त्याला पुरतो. म्हणून पत्र्याला आतून फोम फवारलेला असावा आणि हवा खेळती असावी. थंडीत झरोके बुजवायचा मोह होतो. तो जीवघेणा ठरू शकतो. शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. त्याची सूचना देणारं यंत्र २०१९ पासून बोटींवर बंधनकारक आहे.

विजेचा हिशेब बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतो. फ्रिजला दिवसाला ४० अँपिअर-तास, दिवे, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप मिळून आणखी ४० धरा. शंभराच्या चार शिशाच्या बॅटऱ्या म्हणजे ४००, पण त्या अर्ध्याच वापरायच्या, नाहीतर लवकर मरतात. २०० भागिले ८०, म्हणजे अडीच दिवस. मग इंजिन चालवा किंवा छतावरच्या सौर पॅनेलवर विसंबा. डिसेंबरात तिथलं ऊन फारसं कामाला येत नाही. मुक्कामाला थांबल्यावर रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही, हा नियम शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहे.

पिण्याचं पाणी वाटेतल्या नळावरून टाकीत भरायचं. शौचालयाच्या दोन मुख्य तऱ्हा. एकीत मोठी टाकी, जी पैसे देऊन उपसून घ्यायची. दुसरीत सुमारे वीस लिटरचा डबा, जो स्वतः ठराविक जागी नेऊन रिकामा करायचा. दोन माणसांना तो तीन-चार दिवस पुरतो. बोटीवर राहावं की नाही, हा निर्णय पुष्कळांच्या बाबतीत या डब्यापाशी होतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

५. आपलं काय आणि ट्रस्टचं काय?

चांगली वापरलेली बोट पन्नास हजार पौंडांच्या आगेमागे मिळते, नवी बांधून घेतली तर एक लाखाच्या वर जाते. घराचं कर्ज तिच्यावर मिळत नाही, कारण ती जंगम मालमत्ता आहे. सातबाऱ्यासारखा उताराही नाही. म्हणून विक्रीची पावती, पूर्वीच्या पावत्या आणि बोटीवर कर्ज नसल्याचा पुरावा मागावा.

पाण्यावर ठेवायची तर तीन गोष्टी हव्यात. विमा, दर चार वर्षांनी घ्यायचं सुरक्षा प्रमाणपत्र आणि ट्रस्टचा वार्षिक परवाना. ५७ फुटी बोटीला परवान्याचे हजार पौंडांहून अधिक लागतात. नवे मालक एक गफलत हटकून करतात. त्यांना वाटतं, सुरक्षा प्रमाणपत्र आहे म्हणजे तळ चांगला आहे. ते प्रमाणपत्र गॅस, वीज, इंधन आणि आगीच्या धोक्यांपुरतं असतं. पत्र्याची जाडी त्यात मोजतच नाहीत.

परवाना देताना ट्रस्ट विचारतो, बोट ठेवायची हक्काची जागा आहे का? १९९५ च्या कायद्याने दोनच वाटा ठेवल्या आहेत. एक, भाड्याने घेतलेली कायमची जागा. दुसरी, अशी जागा नसेल तर सतत प्रवासात राहायचं आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही. आजारपण किंवा बंद लॉकसारखं वाजवी कारण असेल तर सवलत मिळते.

पाहुण्यांना वाटणारं ‘भाडं नाही’ हे या दुसऱ्या वाटेबद्दल असतं. चौदा दिवसांनी बोट शंभर फूट पुढे घेऊन भागत नाही. ‘ठिकाण’ म्हणजे वस्ती, परिसर. किती मैल जायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही, पण वर्षभरात वीस मैलांच्या आतच घुटमळणारी बोट ट्रस्टच्या नजरेत येते. मुलाची शाळा एका गावात, आईचा दवाखाना दुसऱ्या गावात, अशा कुटुंबाची या नियमात ओढाताण होते. काठ सगळ्यांचा आहे आणि तो अडवून ठेवता येणार नाही, हे मला पटतं. तरी शाळकरी मूल असलेल्या घराला दर पंधरवड्याला नवा रस्ता शोधावा लागणं कठीण आहे, हेही खरंच आहे. २०२४ पासून हक्काची जागा नसलेल्यांना परवान्यावर अधिभारही द्यावा लागतो.

पहिली वाट निवडली तर भाडं आलं, लंडनमध्ये तर चांगलंच. तिथेही एक खाच आहे. बहुतेक जागा बोट ठेवण्यापुरत्या असतात, तिच्यात कायम राहायची परवानगी नसते. राहण्याची परवानगी असलेल्या जागा थोड्या आहेत. बोट पाहण्याआधी जागा पाहावी, असं अनुभवी नावाडी सांगतात ते यासाठीच.

६. बोट बांधणं

मुक्कामाची जागा पायवाटेच्या काठाला शोधायची. समोरचा काठ बहुधा खाजगी असतो. लॉकच्या तोंडाशी, पुलाखाली, वळणावर, पाण्याच्या नळापाशी आणि बोट वळवण्यासाठी रुंद केलेल्या जागी बांधायचं नाही.

काठाकडे येताना वेग अगदी कमी, कोन लहान, पुढचं टोक आधी. मधला दोर हातात घेऊन काठावर पाऊल टाकायचं, उडी मारायची नाही. सतरा टन वजन चालण्याच्या वेगाने येत असलं तरी हातापायाने थोपवता येत नाही. पाय मध्ये घातला तर मोडतो.

काठाला लोखंडी पत्रे ठोकलेले असतील तर त्यांच्या कडेत आकडे अडकवता येतात. मातीचा काठ असेल तर मेखा. मेख बोटीच्या उलट बाजूला किंचित कलती ठोकायची आणि तिच्यावर पांढरं फडकं किंवा पिशवी बांधायची, म्हणजे अंधारात सायकलवाला अडखळणार नाही. दोर दोन्ही टोकांना, बोटीपासून तिरपे बाहेरच्या बाजूला. आडवे बांधले तर बोट मागेपुढे सरकत राहते.

ती सरकते कशाने? प्लॅटफॉर्मवर उभं असताना जलद लोकल गेली की ओढ जाणवते. अरुंद कालव्यात चालती बोट पाणी पुढे लोटते आणि बाजूंनी मागे खेचते, तेव्हा बांधलेल्या बोटीला तशीच ओढ लागते. जाणारा वेगात असेल तर मेख मातीतून उपटून निघते. आतल्या कुणाच्या हातात उकळत्या चहाचं भांडंही असू शकतं. म्हणून बांधलेली बोट दिसली की इंजिन मंद करायचं, तिच्याशी पोचल्यावर नाही, कितीतरी आधी. कालव्यावर दोर ताठ ठेवतात. नदीवर मात्र ढील द्यावी लागते, कारण रात्रीत पाणी चढलं किंवा उतरलं तर ताठ दोर बोटीला कलंडवतो.

मग दिवसाचं शेवटचं काम. ग्रीसचा पेच अर्धा वळसा, तळात हात घालून ओल आहे का ते पाहणं, गॅस बंद, दोर पुन्हा एकदा ओढून बघणं, आणि वहीत तारीख. चौदा दिवस तिथून मोजायचे असतात.